ज्याच्या हाताला पट्टी नव्हती

परिषदेला काय घालायचं यावर हेमचंद्र सर तासभर बोलले. तेवढ्या वेळात माझा निकाह लागून पंगती उठल्या होत्या.

आम्ही आईबाप मागच्या खुर्च्यांवर आणि सोळा वर्षांवरचे कॅडेट पुढच्या. सरांचं प्रथमोपचार दल म्हणजे इथल्या, आखातातल्या आपल्या हौशी लोकांचं काम, पगार नाही, पण शिस्त अशी की लष्करानं शिकून घ्यावी. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. पँट काळी, जीन्स नाही आणि "काळी दिसणारी निळी" तर मुळीच नाही. बूट पॉलिश केलेले. टोपी डोक्याला घट्ट, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर. मुलींचा हिजाब साधा काळा, कॉलरच्या आत खोचलेला. अत्तर नको, ऊद नको, पेशंटला दमा असू शकतो. हॉटेलात एसी फार, तेव्हा आत बनियन हवंच. रात्रीच्या जेवणाला घरचे कपडे चालतील, "पण वरातीला निघाल्यासारखे नकोत," असं म्हणताना सर माझ्याकडे बघत होते. बघू देत. गेल्या वर्षी मी नाझिशसाठी शरारा इस्त्री करून ठेवला होता. त्या जेवणाची वेळच आली नाही.

मग तिथे काय काय होईल ते सांगितलं. आधी भाषणं, मग वर्ग, मग खोट्या पेशंटांचा सराव. हा सराव म्हणजे त्या दिवसाची खरी मजा. दलातलेच काही जण अंगाला लाल रंग फासून हॉटेलात कुठेकुठे पडून राहतात, कुणी जिन्यात, कुणी कॉरिडॉरमध्ये, आणि कण्हतात. कॅडेटांच्या तुकड्यांना आपापला पेशंट नेमून दिलेला असतो. दुसऱ्याच्या पेशंटला हात लावायचा नाही, नाहीतर गुण कापतात.

"यंदा एक नवीन नियम," सर म्हणाले आणि त्यांनी खिशातून पिवळी पट्टी काढली. "नाटकातल्या प्रत्येक पेशंटच्या मनगटाला ही असेल. ज्याच्या हाताला पट्टी नाही तो खरा. मग गुण-बिण विसरायचे."

बैल गेला आणि झोपा केला. मी हे तोंडावर म्हणणार होते, पण पुढच्या रांगेत माझी मुलगी बसली होती. ती सरांकडे बघत नव्हती. दोन खुर्च्यांच्या मधल्या रिकाम्या फरशीकडे बघत होती, आणि तिनं पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर घेतले होते. तिथे खाली ओवैस होता. म्हणजे तिच्यापुरता होता.

ओवैस तिच्याच दलातला, सतरा वर्षांचा, जनाबियाला राहायचा. त्याची आई तस्नीम मूळची रायगडची, आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे ईदला जाणं-येणं होतं. मुलगा भारी नकला करायचा. गेल्या परिषदेत सराव चालू असताना तो कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या मशीनजवळ कोसळला. हृदयात जन्मापासून काहीतरी होतं, कुणाला ठाऊक नव्हतं. दोन्ही बाजूंनी प्रथमोपचार शिकलेली माणसं धावत होती आणि एकही थांबलं नाही. प्रत्येकाला वाटलं, हा दुसऱ्या तुकडीचा पेशंट. नाझिशला वरच्या मजल्यावरचा भाजलेला माणूस नेमून दिला होता. ती ओवैसच्या पायांवरून उडी मारून गेली आणि जाता जाता म्हणाली, "ओव्हरॲक्टिंग बस कर, ओवैस."

हे तिनं फक्त मला सांगितलं. कुणी तिला दोष दिला नाही, देणार तरी कोण, सगळेच ओलांडून गेले होते. पण ओवैसचा चाळिसावा दिवस झाला त्या आठवड्यात मी पाहिलं, आमच्या माहूजच्या घरात फ्रिजपासून बेडरूमपर्यंत जाताना नाझिश भिंतीला अंग घासून चालते. मधली जागा सोडते. मी विचारलं तर म्हणाली, "ही इज लाइंग देअर, मम्मी." मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात.

त्यानंतर तो सगळीकडे. शाळेच्या जिन्यात, बसच्या दारात, सूकच्या बाजारात मसाल्याच्या दुकानापुढे. नेहमी वाटेत आडवा, तोंड भिंतीकडे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. मौलवींनी दम केलेलं, दुआ फुंकलेलं पाणी दिलं. ताहिर, माझा नवरा, म्हणाला की वेळ जाईल तसं जाईल, आणि ऑफिसला गेला. पुरुषांना ऑफिस असतं हे एक बरं असतं. पोरगी माझ्यासमोर वाळत चालली होती. ताटातले चार घास चिवडायची आणि उठायची, कारण जेवायच्या टेबलाखालीही तो असायचा.

एकदा मी धुतलेल्या कपड्यांची टोपली पॅसेजमध्ये ठेवली. नाझिश किंचाळली, "मम्मी! त्याच्या छातीवर!" मी टोपली झटकन उचलली. कपडे ओले, गार होते. टोपलीचा तळ मात्र कोमट लागला. भास असेल म्हणून मी कुणाला बोलले नाही, पण त्या दिवसापासून मीसुद्धा तिथे टोपली ठेवली नाही.

म्हणून यंदा ती परिषदेला जाणार म्हणाली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"कशाला गो जातंस परत तिथं? मराया?"

"आय हॅव टू, मम्मी."

"हॅव टू काय? कोण जबरदस्ती करताय तुला? हेमचंद्र सर? त्यांना बघतंय मी."

"कोणी नाही." ती बूट पॉलिश करत होती, मान वर न करता. "तो अजून तिकडेच आहे. इकडे जो दिसतो ना, तो फक्त बोलवायला येतो."

मी फटकन तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. मग तिच्या मनगटाकडे लक्ष गेलं, केवढंसं झालं होतं ते. मी ब्रश परत दिला. त्या क्षणी मी कबूल केलं, मनातल्या मनात: या घरातून एक मूल गेलंय आणि ते मला परत हवंय. त्यासाठी तिला नरकात जायचं असेल तर मी डबा घेऊन बरोबर जाईन. मी पालकांच्या कोर्सला नाव घातलं, रबरी बाहुल्यावर छाती दाबायला शिकले, आणि परिषदेची स्वयंसेवक म्हणून पाणी-खजूर वाटायचं काम मागून घेतलं.

परिषद शनिवारी सकाळी होती, मनामातल्या त्याच हॉटेलात. दारात हेमचंद्र सरांनी एकेका कॅडेटला तपासलं. नाझिशची टोपी बोटभर पुढे ओढली आणि म्हणाले, "एकदम परफेक्ट." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "भाभी, नसेल जमत तर तिला बाहेर बसवा. मी काही म्हणणार नाही." भला माणूस आहे. या वर्षात त्यांचेही केस पिकले.

आत सगळे ओवैससाठी उभे राहिले. पहिल्या रांगेत तस्नीम, फिकट निळ्या अबायात, ताठ. तिनं वळून नाझिशला हातानं जवळ बोलावलं आणि तिच्या गालाला हात लावला. नाझिश त्या हाताखाली डोळे मिटून उभी राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग शिट्टी वाजली आणि सराव सुरू झाला. तुकड्या बाहेर पळाल्या. मी खजुराची ताटली घेऊन कॉरिडॉरच्या दाराशी उभी. कुंडीशेजारी दलाचा हिशेब ठेवणारे एक जाडे गृहस्थ मनगटाला पिवळी पट्टी बांधून लोळत होते आणि "अरे कोई तो देखो" म्हणून ओरडत होते, मध्येच माझ्याकडे बघून खजूर मागत होते. नाझिशची तुकडी जिन्याकडे निघाली. पाण्याच्या मशीनजवळ ती थांबली. बाकीचे पुढे गेले.

ती भिंतीकडे सरकली नाही. गुडघे टेकून खाली बसली.

"मम्मी," ती म्हणाली. "त्याच्या हातात पट्टी नाही."

गालिचा रिकामा होता, मी शपथेवर सांगते. तिनं दोन्ही हात पुढे करून खांदे हलवावेत तसे हलवले. "ओवैस, ऐकतोयस का?" कान खाली नेऊन श्वास ऐकला. मग हातावर हात ठेवला आणि दाबायला लागली, शिकवलं होतं तसं, कोपर ताठ, खांदे वर. मी पहिल्यांदा तिला उचलायलाच धावले. पण जवळ गेल्यावर पाहिलं की तिचे तळवे गालिच्यापर्यंत पोचतच नव्हते. वीतभर वर अडत होते, जरासे खाली जात होते आणि पुन्हा वर येत होते.

माझ्या हातून ताटली निसटली. खजूर सगळीकडे पसरले.

लोक येत-जात होते. एक तुकडी आमच्या बाजूनं धावत गेली. त्यातला एक जण नाझिशकडे बघून अंगठा दाखवत म्हणाला, "गुड, गुड, कीप गोइंग." त्यांना वाटलं, हाही सरावच. यंदाही एकही जण थांबला नाही.

ती दाबत राहिली. टोपीखालून घाम गळायला लागला, शर्ट पाठीला चिकटला. मी म्हटलं, "पुरे गो बाय, पुरे आता," तर तिनं मान हलवली. मला कळलं ती का थांबत नाही. या कामात स्वतःहून थांबायचं नसतं. पेशंट श्वास घेऊ लागला, किंवा डॉक्टरनं सांगितलं, किंवा दुसरं कुणी 'मी घेते' म्हणून शेजारी बसलं, तरच हात काढायचे. पेशंट तर वर्षापूर्वी मेलेला. त्याला मेलेला म्हणायला इथे कुठला डॉक्टर येणार? ती अशीच दाबत राहणार होती, इथे, घरी, शाळेत, जन्मभर.

मी तिच्यासमोर गुडघे टेकले.

"मी घेते," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. "शुअर?"

"ऊठ तू."

मी हात पुढे केले, तिच्या हातांच्या शेजारी. तिनं आपले काढले.

शर्टाचं कापड होतं. इस्त्रीचं, जाडसर. त्याखाली बटण, आणि बटणाखाली मुलाच्या छातीचं हाड. कोमट. मी दाबलं तशी बरगडी खाली गेली आणि वर आली. हळूहळू मला तो दिसायलाही लागला, आधी टोपी, मग कान, मग भिंतीकडे वळलेली हनुवटी, तिच्यावर नुकतीच फुटलेली लव.

नाझिश उभी राहून गुडघे झटकत होती. तिनं खाली पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तिची नजर कुठेच अडली नाही.

"मम्मी, तू काय करतेयस?"

"खजूर वेचतंय," मी म्हटलं.

"आय ॲम सो हंग्री," ती म्हणाली. खाली वाकून तिनं एक खजूर उचलला, फुंकर मारून तोंडात टाकला, वर्षभरात पहिल्यांदा न सांगता. आणि मधून चालत, सरळ मधून, आपल्या तुकडीमागे पळाली. तिचा बूट त्याच्या गुडघ्यातून गेला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, हाताखाली परक्याचं मेलेलं पोर असताना मला जिवापासून आनंद झाला.

मी दाबत राहिले. मला कुणाला तरी हाक मारता आली असती. हेमचंद्र सर जिन्याशी होते. जाडे गृहस्थ होते. दुसरी पोरं होती, सगळी शिकलेली, सगळ्यांना नियम ठाऊक. पण ज्याला देईन तोही कुणाच्या तरी पोटचाच.

तेवढ्यात हॉलचं दार उघडून तस्नीम बाहेर आली. मला जमिनीवर बघून थबकली.

"काय हरवलंय गो बिल्किस?"

तिला सांगावं? ती आई आहे, तिचा हक्क माझ्याआधीचा. ती आनंदानं हात ठेवील आणि मग कधीच, कधीच उठणार नाही.

"कानातलं पडलं," मी म्हटलं.

"थांब, मी बघते." ती अबाया सावरून माझ्यासमोर बसली आणि गालिच्यावर तळहात फिरवायला लागली, सावकाश, हलक्या हातानं. तिचा हात त्याच्या खांद्यावरून गेला, गालावरून गेला, कपाळावर आला आणि केसांतून मागे गेला. तिनं तिथेच दोनदा हात फिरवला.

"हितं काय नाय गो," तस्नीम म्हणाली.