न झोपणारी पेटी

सिहेमने खजुराच्या खोडावरची पेटी उतरवली, झाकण उघडलं आणि बॅटरीला तपासणीच्या तारा लावल्या. मीटरचा काटा जागचा हलला नाही. या रांगेतली ही तिसरी. बाकीच्या बागांमधल्या पेट्या वसंतात बसवल्यापासून बिनतक्रार चालल्या होत्या; इथल्याच एकामागून एक मरत होत्या.

पेटी साबणाच्या वडीएवढी. तिची एक सळई मातीत खुपसलेली असायची, ओल मोजायला. दिवसभर पेटी झोपून राहायची. ठरल्या वेळी जागी व्हायची, ओल मोजायची, शेजारच्या पेटीला बिनतारी संदेशाने कळवायची आणि पुन्हा झोपायची. शेजारची पुढच्या पेटीला सांगायची, असं करत निरोप पंपघरापर्यंत पोचायचा. मोजायला शक्ती थोडी लागते, बोलायला फार. म्हणून सिहेमने राजधानीत, ट्यूनिसला बसून सगळी अक्कल एकाच गोष्टीवर खर्च केली होती: पेट्यांनी कमीत कमी बोलावं. एका बॅटरीवर चार उन्हाळे निघतील, असं तिने गावाला छातीठोकपणे सांगितलं होतं. गावाच्या पाणी संघाचे प्रमुख तिचे वडीलच, हाज मिलूद. तिच्या शब्दावर त्यांनी संघाला राजी केलं होतं.

"मेली वाटतं हीसुद्धा?"

तिने मान वर केली. खांद्यावर फावडं टाकून तिजानी पाटाच्या कडेला उभा होता. कोणत्या बागेला पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, हे काम त्याच्याकडे होतं. त्याआधी त्याच्या बापाकडे.

"तुम्हाला कसं कळलं, तिजानी?"

"तू जिवंत पेटीपाशी एवढा वेळ बसत नाहीस, पोरी."

तो हसला आणि पुढे निघून गेला. सिहेमला मात्र हसू आलं नाही. खोडाखालच्या मऊ मातीत रबरी बुटांचे ठसे होते, आणि तसे बूट तिजानीच घालायचा. पेट्या बसवायच्या ठरल्या तेव्हा भर बैठकीत विरोध करणारा तोच एक होता. माणसावर विश्वास नसेल तर पाणी डब्यांनाच वाटू द्या, असं तो म्हणाला होता. कुठल्या बागेत ओल जास्त हे पेट्या सांगू लागल्या, तर कोणाची अडचण होणार होती?

दुपारी जेवताना तिने वडिलांना सांगितलं. हाज मिलूदनी भाकरीचा तुकडा हरीसाच्या तिखट चटणीत बुडवला, तोंडात न घालता तसाच धरला. मी कोणाचं नाव घेत नाही, ते म्हणाले, पण ज्याच्या हातात फावडं, तो काहीही करू शकतो. शुक्रवारच्या बैठकीत तिजानीला बदलायचा विषय काढू, असंही म्हणाले.

सिहेमने नव्या बॅटऱ्या घातल्या आणि प्रत्येक झाकणाच्या फटीवर स्वतःचा एकेक केस गोंदाने चिकटवला. झाकण उघडलं तर केस तुटणार. मग ती रोज काही ना काही निमित्त काढून त्या रांगेतून फिरू लागली. तिजानी दिसला की झाडाआड थांबायची. तो पाटातला गाळ काढायचा, डोक्याचं फडकं उगाच झटकायचा, कधी पेटीपाशी थबकायचा. एकदा तर त्याने पेटीवरून हात फिरवला. पण त्याने फक्त वरची धूळ पुसली होती.

गुरुवारी आणखी एक पेटी गेली. केस जागच्या जागी होता.

तिने तो दोनतीनदा बोटाने चाचपून पाहिला. आपणच चिकटवलेला केस नाकारायचं काही कारण सापडेना. मग तिने पेटी मांडीवर घेतली, नवी बॅटरी घालून तिला लॅपटॉप जोडला आणि आत साठलेली नोंद वाचली. पेटी झोपलीच नव्हती. ती पुढच्या पेटीला हाक मारत होती, उत्तर येत नव्हतं, म्हणून पुन्हा, आणखी जोर लावून हाक मारत होती. तसं करायला सिहेमनेच शिकवलं होतं तिला. वसंतात मात्र याच दोन पेट्यांचं बोलणं पहिल्या हाकेला होत होतं.

दोन पेट्यांच्या मध्ये एकच बाग होती. सिहेमच्या घरची.

बागेच्या दाराला कुलूप होतं. वडील हल्ली तिथे कोणाला नेत नसत, पेटीही तिथे बसवू दिली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या आईने लावलेली डाळिंबं वाळली, बघवत नाही, म्हणायचे. सिहेम मातीच्या भिंतीवर चढली आणि आत उतरली.

पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. खजुरांखाली केळी तिच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या, पानं ओलीने निथळत होती. अशा ओल्या पानांतून पेटीचा आवाज पलीकडे जाणं शक्यच नव्हतं. सरीत पाणी उभं होतं, आणि या बागेची पाळी यायला अजून आठवडा होता. भिंतीच्या बुडाशी झावळ्या रचल्या होत्या. तिने त्या बाजूला केल्या. मुख्य पाटातून चोरून आत आणलेला मनगटाएवढा पाइप होता. त्याच्या समोरच डाळिंबाची झाडं, फळांनी वाकलेली. आई हयात होती तेव्हाही इतकी फळं धरली नव्हती.



शुक्रवारी नमाजानंतर सगळे पंपघराच्या ओसरीवर चटयांवर बसले. चहा फिरला. हाज मिलूदनी विषय काढला, आवाज न चढवता, आणि शेवटी म्हणाले की पेट्यांचं काय झालं ते आता माझी मुलगीच सांगेल. तिजानी खांबाला टेकून बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"पेट्या कोणी बिघडवल्या नाहीत," सिहेम म्हणाली.

"मग मेल्या कशा?" वडिलांनी विचारलं.

"हाका मारून मारून. मध्ये ओली झाडी आहे. पलीकडे ऐकू जात नाही."

लझहर नावाचा एक बागवान हसला. त्याच्या खजुरांचे निम्मे घड त्या वर्षी सुकले होते. "ओली झाडी? सप्टेंबरात? कुठे ते सांग, आम्हीही सावलीला येतो."

सिहेमने तोंड उघडलं, पण तिच्याआधी तिजानी बोलला.

"पाट फुटला होता तिथे. मला वेळेत बांधता आला नाही. चूक माझी."

ओसरीवर कुजबूज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, म्हणजे हाज म्हणतात ते खरंच, माणूस बदलायला हवा. हाज मिलूद कपातल्या पुदिन्याच्या पानाकडे बघत होते. तिजानीचं सगळं वागणं सिहेमच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्याला हे किती दिवस माहीत होतं, आणि गप्प राहण्यात त्याचा काय फायदा होता, हा संशय आतासुद्धा तिच्या मनात आलाच.

"पाट फुटला नव्हता," ती म्हणाली. "झाडी आमच्या बागेत आहे."

लझहरने हातातला कप खाली ठेवला.

"गप्प बसायचं होतंस," तिजानी हळूच तिला म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता. "लाजेने आज संध्याकाळी हाजने स्वतःच तो पाइप काढला असता. आता गाव काढेल."

हाज मिलूद उठले. उठताना त्यांना चटईवर हात टेकावा लागला. त्यांनी खिशातून बागेची किल्ली काढली आणि मुलीला न देता तिजानीपुढे धरली.

तिजानीने ती घेतली नाही. तो उभा राहिला, फावडं उचललं.

"चल," तो हाज मिलूदना म्हणाला. "तूच उघड. मी येतो बरोबर."