गवताखालची माती

मी मेले नाही, याबद्दल माझ्या नवऱ्याला देवाला काहीतरी मोठं द्यायचं होतं. मागच्या पावसाळ्यात मला न्यूमोनिया झाला, मी व्हेंटिलेटरवर गेले, आणि डॉक्टरांनी आलोशियसना बाजूला घेऊन सांगितलं की आता प्रार्थना करा. त्यांनी केली. शुद्धीवर आल्यावर मी चहा मागितला आणि तो पांचट आहे म्हणून नर्सला सुनावलं, तेव्हा हे बाहेर जाऊन लहान मुलासारखे रडले. ही गोष्ट ते नाकारतात, पण माझ्याकडे साक्षीदार आहेत.

घरी आल्यावर चर्चमध्ये आभाराची एक मिस्सा झाली असती तरी पुष्कळ होतं. पण आमच्या ह्यांचं थोडक्यात कधी भागत नाही.

"मी आपला गवताच्या जमिनीचा तुकडा चर्चला देणार," ते म्हणाले. "दफनभूमीसाठी."

भुईगावच्या आमच्या दफनभूमीत जागा उरलेली नाही हे खरंच आहे. नव्या माणसाला जागा द्यायची तर आधीच्याची हाडं बाजूला काढावी लागतात. तरीपण मला राहवलं नाही.

"मला वाचवलं म्हणून दफनभूमी? देवाला वाटेल तुम्हाला घाई झालीय."

"प्रिस्का, चेष्टा करू नकोस. माझ्याकडे द्यायला तेवढीच एक वस्तू आहे."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला पुढे चेष्टा करवली नाही. केळीच्या वाडीमागचा तो तुकडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्याला नांगर कधी लागलेला मी पाहिला नाही. माझ्या सासूच्या म्हशी त्यावर पोसल्या, आता आमचा गडी काळूराम गवत कापून गावातल्या गोठ्यांना घालतो. आमचं गाव समुद्राकाठी, फावडं मारलं की वाळू निघते. या एका तुकड्यात मात्र काळीभोर, भुसभुशीत माती. आलोशियस ती मूठभर उचलून पाहुण्यांच्या नाकाशी धरायचे. "जातिवंत जमीन आहे! वाडवडिलांनी पारखून घेतलेली." आणि शेजारच्या लुसीबायच्या वाडीकडे हात करून म्हणायचे, "नाहीतर ही बघा. हिच्या वाळूत कांदा लावला तर लसूण निघेल."

लुसीबाय आता नव्वदीला टेकलीय. अजून लाल लुगडं नेसते आणि अजून स्वतःची भाजी स्वतः चिरते. ह्यांच्या या बोलण्यावर ती नुसती हसायची. मला वाटायचं, बाई मनाने थोर आहे किंवा कानाने अधू आहे.

आमच्या चर्चचे फादर प्लासिड शेतकऱ्याच्या घरातले. जमीन मिळते म्हटल्यावर हुरळून गेले नाहीत.

"आलोशियस, मन मोठं आहे तुमचं. पण आधी माती बघू या. वाळूत खड्डा ढासळतो, चिकणमातीत पाणी तुंबतं. दफनभूमीला चांगला पोयटा लागतो, आणि तोही खोलवर."

"फादर, पोयटाच आहे! सोन्यासारखा!"

"मग तपासायला भीती कसली?"

माझी भाची जीना, उमेळ्याच्या माझ्या भावाची मुलगी, मातीचंच शास्त्र शिकते. भावाला सुरुवातीला ते पटलं नव्हतं. पोरीला मातीत घालायला का एवढी फी भरली, म्हणायचा. एका रविवारी मिस्सेनंतर ती तिची हत्यारं घेऊन आली. काळूरामने गवताचा थर अलगद काढून ठेवला आणि गळ्याइतका खोल खड्डा खणला. फादर आले, आळीतली चार माणसं आली, लुसीबाय काठी टेकत आली. आलोशियसनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना वाटत होतं, आज त्यांच्या जमिनीची परीक्षा आहे आणि पेपर सोपा आहे.

जीना खड्ड्यात उतरली. सुरीने भिंत खरवडून साफ केली, तळहातावर चिमूटभर माती घेतली, पाण्याने भिजवली आणि कणकेसारखी मळायला लागली.

"वाळूचा गोळाच होत नाही," ती म्हणाली. "चिकणमातीची अंगठ्याने पट्टी काढली तर लांबच लांब निघते. हिचा गोळा होतो, पण पट्टी दोन बोटं निघाली की तुटते. वाळू, गाळ, चिकण, तिन्ही बेताबेताने. अंकल, हा खरंच पोयटा आहे."

"सांगत काय होतो!" हे फादरांकडे वळले.

मग तिने रंगांच्या पट्ट्यांचं एक पुस्तक काढलं आणि मातीचं ढेकूळ एकेका पट्टीशेजारी धरून पाहिलं. ढेकूळ बोटांत दाबलं तर त्याचा भरड रव्यासारखा चुरा झाला. पोरीचा चेहरा उजळत चालला होता.

"आत्या, ही मुळं बघ. झाडाचा पाला वरून पडतो, वरच्या वर कुजतो. गवताचं तसं नाही. त्याची मुळं दरवर्षी आतल्या आत मरतात आणि तिथेच त्यांचं खत होतं. त्याने माती इतकी काळी आणि अशी रवाळ होते. ही गवताळ मुलखातल्या मातीची लक्षणं आहेत, समुद्राकाठी मी तर कधीच पाहिली नाहीत. हिची वेगळी श्रेणी निघाली ना, तर गावाचं नाव देतात तिला."

"गावाचं कशाला?" आलोशियस म्हणाले. "आलोशियस लिही की."

सगळे हसले. हे हसले नाहीत, कारण त्यांनी ते मनापासून सुचवलं होतं.

जीना खाली वाकून खड्ड्याचा तळ बघायला लागली आणि तिचं बोलणं थांबलं. काळी माती तिच्या कमरेच्या थोडं वर संपत होती. त्या मातीखाली पांढरी वाळू होती, आणि वाळूतून पाणी झिरपून तिच्या पावलांशी साचायला लागलं होतं. फादरांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठून त्यांनी आलोशियसच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाऊस संपून इतके महिने झाले, तरी इतक्यावर पाणी आहे. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत येईल. इथे माणसं पुरता येणार नाहीत, आलोशियस."

 इस्त्रीच्या शर्टातला माणूस एकदम लहान दिसायला लागला. मला वाटलं होतं, जमीन वाचली म्हणून मला आतून बरं वाटेल. पण माझ्यासाठी त्यांनी हातातली सगळ्यात प्रिय वस्तू पुढे केली होती आणि ती परत आली होती. मला फार वाईट वाटलं.

"मग मी काय देऊ?" ते शेवटी म्हणाले. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

जीना मात्र अजून भिंतीतच नाक खुपसून होती. सुरीच्या टोकाने तिने काहीतरी उकरलं, मग वर आणखी एका जागी उकरलं, मग आणखी वर. तळहात पुढे केला तर त्यावर कौलाचे दोन तुकडे आणि नखाएवढ्या चार पांढऱ्या गोगलगाई होत्या.

"अंकल," ती जपून म्हणाली, "मी घाई केली. ही माती इथली नाही."

"म्हणजे?"

"निसर्गात एक थर दुसऱ्यात हळूहळू मिसळत जातो. इथे काळी माती आणि वाळू यांच्यामध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ आहे. आणि या गोगलगाई गोड्या, साचलेल्या पाण्यातल्या आहेत. तळापासून वरपर्यंत थरावर थर आहेत त्यांचे. गाळ आहे हा. कुणीतरी आणून घातलाय, एकदम नाही, बऱ्याच वर्षांत. नंतर गवताने तो मुरवला. अशा मातीला वर्गीकरणात वेगळी जागा आहे. माणसाने केलेली माती म्हणतात तिला."

आलोशियस खवळले. "वाटेल ते बोलू नकोस! ही आमची पिढीजात जमीन आहे. माझा बाप काय टोपल्या घेऊन गाळ वाहत होता? माझा बाप तर मी चार वर्षांचा असताना..."

आणि ते तिथेच थांबले. चार वर्षांच्या पोराचा बाप गेल्यावर त्या घरात माती वाहायला कोण उरलं होतं, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

लुसीबायने जीनाच्या तळहातावरची एक गोगलगाय उचलली आणि डोळ्यांजवळ नेली.

"आमच्या बावखलातली हाय ही," ती म्हणाली.

बावखल म्हणजे आळीचं जुनं तळं. आता त्यात जलपर्णी माजलीय. लुसीबाय पुढे जे बोलली ते आमच्या घरच्या बोलीत. ती जशीच्या तशी लिहिली तर निम्म्यांना कळायची नाही, म्हणून जरा सोपी करून देते.

"तुझा बाप गेला, आलोस, आनि त्याच साली दर्या आत आला. तुमच्या या शेतात खारं पानी आनि ही एवढी वाळू. भात पिकंना. रेजिनाच्या पदरात तू, गोठ्यात दोन म्हशी, आनि म्हशींना काडी नाय. तवा उन्हाळ्यात सगळी आळी मिळून बावखल उपसायची. गाळ पाळीने मिळायचा, दर साली एका घराला. त्या साली पाळी आमची व्हती. माझी सासू बोलली, आमची पाळी रेजिनाला."

"तुमची पाळी?" आलोशियसनी विचारलं.

"मी नवी नवरी. मला असा राग आला! माहेरी काय सांगू, सासरी नुसती वाळू हाय? पन सासूपुढं बोलायची सोय नव्हती. टोपली डोक्यावर घेतली आनि इथं आनून ओतली. पुढल्या साली दुसऱ्या घरानं पाळी दिली. मग तिसऱ्यानं. सगळी आळी फिरली. गवत चांगलं उभं राहिलं, म्हशी भरल्या, तवाच थांबलो."

"आणि तुमच्या वाडीला?" हे जीनाने विचारलं.

"आमची पाळी परत यायच्या आत घरोघरी नळ आले. मग बावखल कोन उपसतंय?" लुसीबाय हसली, तिचं नेहमीचं हसू.

 माझी सासू रेजिनाबाय फार कडक बाई. म्हैस व्यायली की खरवसाची पहिली भांडी आळीतल्या एकेका घरी पोचवायला मला पाठवायची. घरच्यांना त्यानंतर. मी मनात चरफडायचे, की या बाईला आपला बडेजाव मिरवायचा आहे. तिने कधी कारण सांगितलं नाही. तेव्हा मला आठवलं की मी हॉस्पिटलात असताना याच आळीतल्या घरांनी रोज संध्याकाळी माझ्यासाठी रोजरीची प्रार्थना म्हटली होती, आणि ते मला फादरांकडून कळलं, त्यांच्यातल्या एकानेही बोलून दाखवलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत.

"मला कुणी सांगितलं का नाही?" आलोशियसचा आवाज फुटत होता. "इतकी वर्षं! एकानेही?"

"ठरलं व्हतं. रेजिना दारात येऊन रडली, हे मी कसं फेडू म्हनून. माझी सासू बोलली, फेडायचं नाय आनि बोलायचं पन नाय. तुला पोरगा हाय. आपन लोकांच्या मातीवर वाढलो हे त्याला कळलं तर जन्मभर खाली बघून चालेल. आज मातीनंच सांगितलं, मग मी कशाला लपवू?"

"आणि मी तुझ्या वाळूला हसत राहिलो, लुसीबाय."

"हसलास तर! लई हसलास. मूठभर माती घेऊन लोकांना दाखवत फिरायचास. तवा आमी बायका एकमेकींकडं बघायचो आनि बोलायचो, बरी मुरली गं माती."

 फादर प्लासिड उगाच चष्मा पुसत होते. जीना खड्ड्यातच उभी होती, तिच्या पावलांवर पाणी चढलं होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"या मे महिन्यात मी बावखल उपसतो," आलोशियस म्हणाले. "माणसं लावतो. सगळा गाळ तुझ्या वाडीत."

"पाळी कुनाची ते आळी ठरवेल," लुसीबाय फटकन बोलली. "तू कोन ठरवनारा?"

 पंच्याहत्तरीचा माणूस तिथेच गवतात गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि लहानपणी आम्ही घराघरांत मोठ्यांपुढे वाकायचो तसा आशीर्वादासाठी लुसीबायपुढे वाकला. 

लुसीबायने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, मग त्याच हाताने हनुवटी धरून वर उचलली.

"मान वर कर रे," ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर टोपल्या वाहिल्या."