चाखनीसांचा पहिला घोट

दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाचा संसार कधी डगमगत नाही. चाखनीसांचा निरोपसमारंभापर्यंत डगमगला नव्हता.

दारूच्या कारखान्यात प्रत्येक पिंपातली दारू तोंडात घोळवून थुंकायची, हे त्यांचं काम. म्हणून सगळे त्यांना चाखनीस म्हणत. "एक थेंब जरी गिळलात तर मी माहेरी जाईन," असं बायकोने लग्न ठरतानाच बजावलं होतं. ते जन्मभर इमानाने थुंकत आले.

निरोपाच्या दिवशी मालकांनी भरला पेला पुढे केला. "वहिनी, आज तरी गिळू द्या त्यांना."

"गिळा," बायको म्हणाली.

चाखनीसांनी डोळे मिटून घोट घेतला आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

"अहो, ही तर घसा जाळते," ते हबकून म्हणाले. "माल बिघडलाय."

मालकांचा चेहरा पडला. बायकोने पेला काढून घेतला आणि सावकाश रिकामा केला.

"काही बिघडलेला नाही. नेहमीसारखाच आहे."

चाखनीस तिच्याकडे वळले. "नेहमीसारखा? कारखान्यातून घरी येणाऱ्या बाटल्या तू पाहुण्यांना देतेस ना?"

"पाहुण्यांनाच देते हो."

त्यांच्याकडे कित्येक वर्षांत कोणी पाहुणा आला नव्हता.