मेंजाचे खांब

आमच्या डोंगरावर घर बांधायचं तर आधी त्याच्या उंचीचे लाकडी खांब रोवावे लागतात, वर छपराचा उतार दाखवणाऱ्या पट्ट्या. गावानं ते बघायचं आणि हरकत घ्यायची. न घेणं असभ्य दिसतं. शेजाऱ्याकडे आपलं लक्षच नाही असं वाटतं.

मेंजा झुरिकहून वास्तुकला शिकून परतली आणि भावाच्या गवताच्या कोठारात राहू लागली. गावातच राहायचं म्हणून तिनं खांब रोवले. घर काँक्रीटचं, उतार मात्र जुन्या घरांचाच.

सर्वाधिक हरकती शेजारच्या टुमाशकाकाच्या. त्या निकालात निघेपर्यंत खांब करडे पडून गावात मिसळून गेले. पाकोळ्यांनी वळचणीला घरटी केली. वळचण नव्हती, पण पाकोळ्यांनी ते मनावर घेतलं नाही. बर्फही छपराच्या उंचीवर येऊन थांबायचं.

शेवटी परवानगी आली, तेव्हा कोठार गवतानं भरलं होतं आणि मेंजा गोठ्यात होती. वहिनी म्हणाली, "शेळ्या व्यायला आल्यात गं. तू आपली झुरिकलाच जा."

बांधकाम सुरू करायचं तर आधी खांब काढावे लागतात, म्हणून मेंजा कुऱ्हाड घेऊन त्यांच्याकडे निघाली. टुमाशकाका आडवा आला.

"हात लावशील तर बघ!"

"काका, हरकत तुमचीच होती ना यांच्यावर?"

"तेव्हा ते नवे होते. आता गावाची शोभा आहे ती. नातीच्या लग्नाचे फोटो इथंच काढलेत."

"मग मी राहू कुठं?"

"ते रोवायच्या आधी बघायचंस, बाई."

गावसभेत सगळ्यांनी हात वर केले: खांब हलवायचे नाहीत. मेंजानं पिशवी भरली.

ती बसची वाट बघत असतानाच दक्षिणेचा गरम वारा सुटला आणि एक खांब कलला. टुमाशकाका एकाच पायात सपात घालून धावत आला.

"पोरी, काहीतरी कर! एवढी शिकलीस ना?"

मेंजानं खांब निरखला. "आतून टेकू द्यावा लागेल."

"दे की मग!"

"मोठा लागेल. खांबांएवढाच."

"चारी बाजूंनी?"

"आणि वरूनही. वाऱ्याचा काय भरवसा?"

काका विचारात पडला. "पोकळ चालेल का गं? काँक्रीट कमी लागेल."

"पोकळच बरा, काका. आत बसून लक्ष ठेवता येतं."

सगळं गाव राबलं. काँक्रीट काकानंच कालवलं आणि उजेडाशिवाय लक्ष कसं ठेवणार म्हणून खिडक्याही त्यानंच सुचवल्या. हरकत कुणी घेतली नाही. टेकूवर घेतात का कधी?

हल्ली बाहेरचे लोक येऊन म्हणतात, "नवं घर जुन्या गावात काय बेमालूम मिसळलंय!" आम्ही त्यांना सांगतो की ते घर नाही. टुमाशकाका रोज संध्याकाळी दारातून विचारतो, "धरून आहे ना?"

"आहे, काका," मेंजा म्हणते आणि कॉफी ठेवते.