दाराबाहेरचा पंप

सायकलदादांचं दुकान दोन गोष्टींनी ओळखलं जाई. एक म्हणजे दाराबाहेर भिंतीला टेकून उभा असलेला हवा भरायचा पंप, आणि दुसरं म्हणजे दादांचं तोंड. "दोन्हीकडे हवा फुकट मिळते," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पंप दादांच्या वडिलांच्या वेळचा होता. लाकडी मूठ हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेली, पायाखालची लोखंडी पट्टी एका बाजूला जरा वाकलेली. दुकानात दुसरा पंप नव्हता, आणि दुकान बंद झालं तरी हा बाहेरच असायचा. साखळी नाही, कुलूप नाही. ज्याला गरज असेल त्यानं यावं, आपल्या चाकात आपण हवा भरावी आणि पंप होता तिथे ठेवून जावं. दट्ट्या कोरडा लागला तर कुणीतरी तेलाचे दोन थेंब सोडून जाई. कोण, ते दादांनी कधी विचारलं नाही.

तोंडाचं म्हणाल तर ते सकाळी पेपर आला की उघडायचं. दुकानापुढच्या बाकावर निवृत्त मास्तर येऊन बसत आणि दोघांची जुंपे.

"वाचलंत का?" दादा टायर रिममधून काढता काढता म्हणत. "आता घरात गाणं किती मोठ्यानं लावायचं तेही सरकार ठरवणार म्हणे."

"बरंच आहे की. तुमचा रेडिओ माझ्या घरी ऐकू येतो."

"मग येऊन सांगा ना मला! त्याला खातं कशाला हवं? मास्तर, सरकारनं देश राखावा, रस्ते करावेत, चोर धरावेत, न्याय वेळेवर द्यावा. एवढं केलं तरी मी हात जोडीन. ते राहतं बाजूला, आणि आमच्या स्वयंपाकघरात डोकावतात."

"लोकांवर सोडलं तर लोक गोंधळ घालतात, दादा. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी."

"तेच तर. तुम्हाला सगळा देश म्हणजे आपला वर्ग वाटतो."

पण दादा बंडखोर नव्हते. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला सायकलवरून खाली उतरून उभे राहणारा माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच, की नियम थोडे असले तर माणूस मनापासून पाळतो आणि फार झाले की पळवाटा शिकतो. पळवाट हा शब्द उच्चारतानाही ते तोंड वाकडं करत.

असं असताना त्यांच्या लेकीला नगर कार्यालयाच्या सुरक्षा विभागात निरीक्षकाची नोकरी लागली. दादांनी पेढे वाटल्यासारखा चेहरा केला, आणि मास्तरांनी संधी सोडली नाही. "काय हो, आता सरकार तुमच्याच घरी जेवायला बसणार!"

"बसू दे. भांडी पण घासायला लावतो."

लेकीची नोकरी अजून कच्ची होती. साहेब काम बघून पक्की करणार होते. एका सकाळी ती कार्यालयाचं जाकीट घालून, छातीशी फाईल धरून दुकानापुढे उभी राहिली.

"मालक आहेत का?"

दादांनी वर बघितलं. "सकाळी ज्याच्या कपात जास्त साखर घातलीस तोच."

"बाबा, मी कामावर आहे."

"मग कामाचं बोल, बाई."

तिनं घसा साफ केला आणि वाचून दाखवलं. लोकांच्या वापरासाठी बाहेर ठेवलेल्या साधनांना आता परवाना लागणार होता. पंप असेल तर त्याला दाब दाखवणारा काटा हवा, शेजारी सूचनांचा फलक हवा, आणि वापर चालू असताना प्रशिक्षित माणूस हजर हवा. नाहीतर साधन जप्त.

"जप्त करायला कोण येणार?"

"मीच." तिचा आवाज जरा खाली आला. "साहेब म्हणाले, सुरुवात आपल्या गल्लीपासून करा, म्हणजे तुमचं काम कळेल."

दादांना कळायचं ते कळलं. पंप बाहेर राहिला तर पोरीला बापाच्या दारातून तो उचलून न्यावा लागेल. तिनं काणाडोळा केला तर नोकरी जाईल. आणि पंप आत गेला तर वडिलांपासून चालत आलेली गोष्ट दादांच्याच हातानं बंद पडेल.

"परवाना काढू या ना, बाबा. मी सगळं भरून देते."

"नको. शेजाऱ्याच्या उपयोगी पडायला तुझ्या आजोबांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती. मी ती मागितली, की मदत माझी राहत नाही, ज्यानं परवानगी दिली त्याची होते." दादा उठले. त्यांनी पंपाच्या मुठीला हात घातला. "पण तू मला सूट द्यायची नाहीस. बाप म्हणून सोडलंस, तर मीच कार्यालयात जाऊन तुझी तक्रार करीन."

"मला माहीत आहे कराल," ती म्हणाली, आणि जाकिटाच्या बाहीनं नाक पुसून पुढच्या दुकानाकडे वळली.

पंप आत गेला. भिंतीवर त्याच्या जागी एक उभा, स्वच्छ पट्टा तेवढा राहिला. मास्तर आले, त्यांनी पट्टा बघितला, आणि त्या दिवशी त्यांनी टोमणासुद्धा मारला नाही. "दुसऱ्या गावात टायर फुटून कुणाचा तरी डोळा थोडक्यात वाचला म्हणे," एवढंच म्हणाले. "म्हणून आला असेल नियम."

"त्याचा डोळा वाचला हे चांगलंच झालं. पण त्याच्यासाठी गावोगावची हवा बंद?"

त्यावर मास्तरांनी पेपर उघडला.

खरा चटका बसला तो नर्सबाईंमुळे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नर्सबाई दुकान उघडायच्या आधीच दवाखान्यात जायला निघत. एके दिवशी चाक बसलेलं होतं, पंप आत कुलपात. त्या सायकल ढकलत गेल्या, उशिरा पोचल्या, आणि दुपारी येऊन हसत हसत म्हणाल्या, "दादा, आज तुमच्या सरकारनं मला व्यायाम करायला लावला."

"माझं सरकार?" दादा उसळले. पण मनातून शरमले.

त्यांच्या बायकोनं मात्र पदर खोचला, आत जाऊन पंप आणला आणि नर्सबाईंच्या हातात दिला. "हा घरी न्या. उसना. काम झालं की ज्याला लागेल त्याला द्या."

"अगं, पण नियम..."

"अहो, मी तो बाहेर ठेवलाय का? माझ्या घरातली वस्तू मी शेजारणीला दिली. साखर देते तशी."

दादांना रात्रभर चैन पडेना. ही पळवाट तर नव्हे? सकाळी चहाच्या वेळी त्यांनी लेकीलाच विचारलं, अगदी परक्या निरीक्षकाला विचारावं तसं. तिनं नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला.

"बाबा, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला उसनं देणं यात कुठेच येत नाही. ही पळवाट नाही. ही वाट नियमाच्या आधीपासून आहे."

दादांनी त्या दिवशी चहा दोनदा घेतला.

आणि मग पंप फिरायला लागला. नर्सबाईंकडून बेकरीवाल्याकडे, बेकरीवाल्याकडून इस्त्रीवालीकडे, तिथून वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याकडे. गटाराच्या पाण्यावरून बेकरीवाला आणि इस्त्रीवाली कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते. आता त्याला पंपासाठी तिच्या दारात उभं राहावं लागलं. पहिल्या दिवशी तो "पंप" एवढंच म्हणाला, पुढच्या खेपेला "आहे का" जोडलं, आणि तिसऱ्या खेपेला पावाची लादीच घेऊन गेला. मोठी पंचाईत झाली ती खुद्द सायकलदादांची. पंक्चर काढून झालं की हवा भरायला पंप शोधत त्यांना घरोघर हिंडावं लागे.

"काय हो दादा," मास्तर बाकावरून ओरडत, "दुकान तुमचं आणि पंप लोकांचा? समाजवादी झालात की काय?"

"मास्तर, पंप माझाच आहे. तो कुणाला द्यायचा हे मी ठरवतो, कार्यालय नाही. एवढा एकच फरक असतो, आणि तोच तुम्हाला आयुष्यभर कळला नाही!"

एके दिवशी लेकीचे साहेब स्वतः गल्ली बघायला आले, आणि तेही सायकलवरून. अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एकदा सायकल चालवावी, असा त्यांनाही वरून हुकूम होता. गोल, घामाघूम झालेले, स्वभावानं वाईट नसावेत असे. लेक मागून फाईल घेऊन येत होती. दुकानापर्यंत पोचतात न पोचतात तोच साहेबांचं मागचं चाक फुसकन बसलं.

दादांनी पंक्चर काढलं. ठिगळ बसवलं, ट्यूब आत सारली आणि हात पुसत म्हणाले, "झालं. आता हवा."

"भरा की."

"पंप इथे नाही."

"सायकलच्या दुकानात पंप नाही?"

"उसना दिलाय. चला, शोधू या."

साहेब, दादा आणि लेक अशी वरात निघाली. नर्सबाईंच्या घरी त्यांच्या सासूनं साहेबांना पाणी दिलं आणि मुलं किती, हे विचारून घेतलं. बेकरीवाल्यानं गरम पाव हातात ठेवला. इस्त्रीवाली साहेबांच्या शर्टाची कॉलर बघून चुकचुकली. शेवटी पंप सापडला मास्तरांच्या अंगणात. मास्तर पंपाला सुई लावून, धोतर सावरत, नातवाच्या फुटबॉलमध्ये हवा भरत होते.

दादांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. "काटा कुठंय, मास्तर? फलक? प्रशिक्षित माणूस?"

"उसना आणलाय," मास्तर फणकाऱ्यानं म्हणाले. "नियमात येत नाही. विचारा निरीक्षकबाईंना."

साहेब लेकीकडे वळले. त्यांचा चेहरा कार्यालयातल्या खुर्चीत असतो तसा झाला. "हे कधीपासून चाललंय?"

एवढ्या खटपटीनं मिळालेली पोरीची नोकरी आता एका पंपावरून जाणार, असं दादांना वाटलं. मधे बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण लेकीनं नजरेनंच त्यांना थांबवलं.

"साहेब, पंप बाहेर ठेवणं बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत. उसनं देण्याघेण्यावर आपला नियम नाही."

"मग करायला हवा."

लेकीनं फाईल काखेत मारली.

"करा, साहेब. पण आधी हवा भरून घ्या."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मास्तरांकडे, हातातल्या अर्ध्या पावाकडे आणि शेवटी पंपाकडे बघितलं. पाव खिशात घातला. बाह्या वर केल्या.

"द्या इकडे," म्हणाले.

दुकानापुढे त्यांनी स्वतः हवा भरली, कारण तसाच रिवाज होता आणि दादांनी हात पुढे केला नाही. सुरुवातीला दमले, मग त्यांना लय सापडली. चाक टणक झालं तसे ते लहान पोरासारखे खूश झाले. अंगठ्यानं दाबून बघितलं, दादांनाही दाबायला लावलं.

निघताना मात्र ते घुटमळले. "आमच्या घरी बायकोची सायकल आहे. दोन्ही चाकं कधीची बसलीत. हा मला... म्हणजे उद्यापर्यंत..."

"उसना हवाय?" दादांनी अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं.

"हो."

"न्या की. विचारलंत, झालं."

साहेब पंप आडवा बांधून गेले. मास्तर म्हणाले, "गेला तुमचा पंप. सरकारकडे गेलेली वस्तू परत येत नाही, असं तुम्हीच म्हणता."

"सरकार वेगळं आणि माणूस वेगळा, मास्तर. सरकारनं नेला असता तर पावती मिळाली असती आणि पंप गेला असता. हा माणसानं नेलाय."

पण त्या संध्याकाळी दादा दोनदा उगाचच रस्त्यावर डोकावून आले, हे त्यांच्या बायकोच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि लेक दुकानाकडे आले तेव्हा कुलूप लागलेल्या दाराबाहेर, भिंतीवरच्या त्या स्वच्छ पट्ट्यावर नेमका टेकून पंप उभा होता. दट्ट्याला ताजं तेल लावलेलं. आणि साहेब सायकलवर टांग टाकून निघण्याच्या बेतात होते.

"दुकान बंद होतं," ते म्हणाले. "म्हणून टेकवला इथेच. इथून कोण नेणार?"

"कुणीच नेत नाही, साहेब," दादा म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळपासून कुणी नेला नाही." मग ते लेकीकडे वळले आणि त्यांनी डोळे मोठे केले. "पोरी, काढ कागद! परवाना नाही, काटा नाही, माणूस हजर नाही. साधन दाराबाहेर!"

"बाबा!"

"सूट कुणालाच नाही, असं ठरलंय आपलं."

लेकीनं खरोखरच फाईल उघडली. पेनाचं टोपण काढलं. ओठ घट्ट मिटून हसू आवरत तिनं विचारलं, "साधन बाहेर ठेवणाऱ्याचं नाव काय लिहू, साहेब?"

साहेबांनी टांग खाली घेतली. पंपाकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं, आणि मग असे हसले की बेकरीवाला पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आला.

"माझंच लिहा," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि खाली माझा शेरा लिहा. हाताचा पंप यादीतून काढावा. यादी मीच केली होती. वर पाठवतो." थोडं थांबून ते म्हणाले, "काढायला जरा वेळ लागेल."

"घालायला लागला त्याहून जास्तच," दादा म्हणाले. "तोवर नियम तो नियम." त्यांनी पंप उचलला. तेवढ्यात नर्सबाई सायकल ढकलत कोपऱ्यावरून येताना दिसल्या.

"घ्या नर्सबाई, उसना!"

वरून उत्तर यायला बरेच दिवस गेले, पण आलं. यादीतून पंप निघाला, आणि त्याच सुमारास लेकीची नोकरी पक्की झाली. कामाच्या अहवालात साहेबांनी लिहिलं होतं, की बाई नियम पूर्ण वाचतात. दादांनी पंप पुन्हा भिंतीला टेकवला आणि बाकावर येऊन बसले.

"आता तरी मान्य करा," मास्तर म्हणाले, "सरकार चूक सुधारतं."

"करतो. पण आधी ते पंपाच्या मुठीला धरून घामाघूम व्हायला हवं."

आतून बायकोचा आवाज आला. "सुरू झाली का फुकटची हवा? मग तिकडे चाकातही भरा थोडी, गिऱ्हाईक उभं आहे!"