तेवीस नंबर

सहलीचे गट पाडताना सरांनी मोजणी शेवटापासून सुरू केली. साठला अ गट, एकोणसाठला ब, अठ्ठावन्नला क, सत्तावन्नला ड, मग पुन्हा अ. सातवीच्या हजेरीपटावर पेन्सिलीचे टोक खालून वर सरकत तेवीस नंबरावर थांबले. ब. हा गट सरांचा स्वतःचा होता.

रीतसर एकपासून मोजले असते तर तेवीस नंबर क गटात, म्हणजे गणिताच्या बाईंकडे गेला असता. हे त्यांनी आधीच दोनदा मोजून पाहिले होते. वीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने आधी उत्तर ठरवून मग प्रयोग मांडला होता, आणि त्याची त्यांना लाजबीज काही वाटत नव्हती.

तेवीस नंबर त्यांची मुलगी होती. वर्षापूर्वी ती आईबरोबर दुसऱ्या घरी राहायला गेली. शाळा तीच राहिली, त्यामुळे सर तिला रोज बघत. म्हणजे वर्गातल्या बाकीच्या एकोणसाठ जणांना बघत तितकेच. महिन्यातून एका रविवारी दोन तास भेट ठरलेली होती. गेल्या दोन भेटी परीक्षेच्या नावाखाली बुडाल्या. घरी ते तिला भुंगा म्हणत, कारण एकदा का तिचे प्रश्न सुरू झाले की ती डोके पोखरून काढायची. आता वर्गात ती एकही प्रश्न विचारत नसे.

म्हणून तर ही सहल. सरांनी तीन महिने मुख्याध्यापकांच्या मागे लकडा लावला होता. भुंगा पाच वर्षांची असताना एका संग्रहालयात तिने काचेला हात लावला म्हणून रखवालदार तिच्यावर खेकसला होता. रडणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन सरांनी तेव्हा शब्द दिला होता, की तुला अशा ठिकाणी नेईन, जिथे हात लावला नाही तर ओरडतात. असे विज्ञान केंद्र अखेर सापडले होते. प्रकाश, आवाज, पाणी आणि यंत्रे अशी चार दालने. प्रत्येक गटाला एका दालनात चाळीस मिनिटे. एकूण एकशे साठ मिनिटे. त्यांनी तेही मोजले होते.

मधल्या सुट्टीत यादी वर्गात लागली. शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. दप्तर पाठीवरच होते.

"सर, आत येऊ?"

"ये ना."

सर परीक्षानळ्या धूत होते. त्यांनी नळ बंद केला. फडके सापडेना, तेव्हा हात शर्टालाच पुसले.

"मला बाईंच्या गटात टाकाल?"

"का गं? मैत्रिणी आहेत तिकडे?"

"नाही. मैत्रिणी ब मध्येच आहेत."

पुढचा प्रश्न सरांना विचारायचा नव्हता. तरी त्यांनी विचारला.

"मग?"

टेबलाच्या कडेचा उडालेला रंग ती नखाने खरवडत राहिली.

"घरी गेलं की आई सगळं विचारते. कोण बरोबर होतं, काय बोललात, हसलात का. मजा आली म्हटलं की ती रागवत वगैरे नाही. फक्त जेवत नाही."

"मग मजा नाही आली म्हणायचं."

"पण मजा तर येणारच ना."

सरांना एकदम बसावेसे वाटले. जवळ स्टूल नव्हते. बारा वर्षांची पोर एकटी दोन घरे सांभाळत होती, आणि आपण काय करत होतो, तर उलटे आकडे मोजत होतो. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

"तुला एकटीला हलवलं तर सगळेच बदलून मागतील," ते म्हणाले.

तिचा चेहरा पडला.

"म्हणून सगळी यादीच नव्यानं करतो. तू मागितलंस हे कुणाला कळायचं नाही."

"आणि डबा खाताना?"

"डबा तर सगळ्यांचा एकत्र..." तिची मान खाली गेलेली त्यांनी पाहिली. "नको. दोन वेळा ठेवू. आधी तुम्ही खा, मग आम्ही. बस तर दोन आहेतच."

"थँक्यू सर."

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. टेबलावरच्या ओल्या नळ्या तिने एकेक करून स्टँडमध्ये उलट्या लावल्या. सगळ्या लावून झाल्या तेव्हाच ती गेली.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाईंनी नवी यादी डोळ्यांसमोर धरली.

"काल उलटं, आज सुलटं! तुम्हा विज्ञानवाल्यांचा काही भरवसा नाही बाई."

"सरळच मोजलेलं बरं."

"आणि हे काय? तुमची बस वेगळी, डब्याची वेळ वेगळी. माझ्या पोरांचं तोंडसुद्धा बघायचं नाही की काय तुम्हाला?"

सर हसले. बाईंचे बोट नावांवरून उतरत गेले आणि तेवीसवर थांबले. त्यांची चेष्टा तिथेच विरली. शाळेत सगळ्यांना सगळे माहीत होते.

"ही माझ्याकडे आली," त्या हळूच म्हणाल्या. "काही सांगून ठेवायचंय?"

"प्रश्न विचारायला लागली तर विचारू द्या. थांबवू नका. पाण्याच्या दालनात बाह्या वर करायला सांगा, नाहीतर भिजेल. आणि प्रकाशाच्या दालनात सुरुवातीला पाच मिनिटं मिट्ट काळोख करतात. तेव्हा तिचा हात धरा. अंधाराला घाबरते ती."

"सातवीतली मुलगी?"

ती घाबरायची ते सरांच्या घरात. पॅसेजमधला दिवा तिच्यासाठी चालू ठेवावा लागे. त्या दुसऱ्या घरात पॅसेज आहे का, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

"घाबरायची," ते म्हणाले. "आता घाबरते का, ते मला माहीत नाही."

बाईंनी यादीची घडी घातली.

"मी हात धरीन. काळजी करू नका."

"धरा," सर म्हणाले. "आणि परत आलात की तेवढं मला सांगाल? घाबरली का ते."