मासळीवाल्याची सायकल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. काळी, उंच आणि अंगाने चांगली भरभक्कम. हल्लीच्या सडपातळ सायकली म्हणे एका हाताने उचलता येतात. येवोत बापड्या. सायकल उचलायची नसते, चालवायची असते, एवढंच मी म्हणते.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. माझ्या आठवणी सुरू होतात त्या परित बुंगा गावात, भातशेतीच्या मधोमध. सिदेक तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्या साली भात उदंड पिकलं आणि तो मला शहरातल्या दुकानातून घरी घेऊन आला. गावच्या सुताराने माझ्यामागे ऐसपैस फळी ठोकली, सिदेकने तिच्यावर दोन टोपल्या बांधल्या, हँडलला रबरी भोंगा लावला आणि मी मासळीवाल्याची सायकल झाले.

रोज आम्ही समुद्रकाठी कुआला सेपटच्या धक्क्यावर जायचो. भरतीबरोबर होड्या आत यायच्या. टोपल्या भरल्या, वर बर्फ पडला, की आमची स्वारी गावोगाव निघायची. भोंगा ऐकून बायका लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या घरांतून ताटल्या घेऊन जिना उतरायच्या. मांजरं तर भोंग्याच्या आधीच येऊन बसलेली असायची. बर्फाचं खारट पाणी दिवसभर माझ्या मागच्या चाकावर ठिबकायचं, पण संध्याकाळी सिदेक मला विहिरीच्या पाण्याने धुवायचा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. त्या हातामुळेच मी गंजले नाही.

सत्तावीस वर्षं असं चाललं. मग सिदेकने मोटरसायकल घेतली आणि मला घराखाली एका खांबाला टेकवून ठेवलं. तिथे मला सोबत कोंबड्यांची. एकीने तर माझ्या फळीवर तीनदा पिल्लं काढली. त्या दिवसांत मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? डोक्यावर फळ्यांवरून सिदेकची पावलं वाजायची, पण खाली माझ्याकडे कुणी येत नसे.

एक दिवस चेगू कमारोल आले. चेगू म्हणजे गुरुजी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या सायकलवाल्यांचं मंडळ काढलं होतं. शनिवार-रविवार लुंग्या नेसून, काळ्या टोप्या घालून गावोगाव फिरायचं आणि मिळेल तिथे खायचं, हा मंडळाचा उद्देश. सिदेक एव्हाना बहात्तर वर्षांचा झाला होता. लोकांसाठी तो पाक सिदेक, म्हणजे सिदेककाका, पण माझ्यासाठी सिदेकच. त्याने मला बाहेर काढलं, कोंबड्यांचा संसार हलवला आणि साखळीला तेल दिलं. मी पुन्हा रस्त्याला लागले.

पण गेल्या वर्षी एक फजिती झाली. बांधावरून जाताना ओळखीची मंडळी दिसली म्हणून सिदेक दोन्ही हात वर करून सलाम करायला गेला. पुढे काय झालं ते सांगायला नको. आम्ही दोघं पाटात.

त्याची मुलगी रोहाया दवाखान्यात परिचारिका आहे. म्हाताऱ्यांची मोडलेली हाडं ती रोज बघते. तिने त्या दिवशी निक्षून सांगितलं, "आबा, आता सायकलला हात लावायचा नाही."

"बरं. पाय लावतो," सिदेक म्हणाला.

"थट्टा पुरे. एन्चिक झुल्हिल्मी समुद्रकाठी हॉटेल बांधतायत. त्यांना भिंतीवर टांगायला अशीच जुनी सायकल हवीय. देऊन टाकू." एन्चिक म्हणजे आमच्याकडे श्रीयुत.

वर्षभर दोघांची धुसफुस चालली. शेवटी रोहायाने अट घातली. "मंडळाची कुआला सेपटची सहल आहे ना? त्या सहलीला जा. मीही येते मागून. धक्क्यापर्यंत न पडता पोचलात, कुठल्याही चढाला उतरून ढकलावं लागलं नाही, तर सायकल तुमची. नाहीतर तिथूनच ती हॉटेलात जाईल. एन्चिक झुल्हिल्मींना मी रविवारी बाराला धक्क्यावर बोलावलंय."

"पक्कं?"

"पक्कं. आणि दोन्ही हात हँडलवर."

शनिवारी सकाळी आम्ही चौदा जणी निघालो. तेरा जुन्या खोडांमध्ये रोहायाची नवीकोरी, निळी, गिअरची सायकल नव्या नवरीगत मिरवत होती. परित बुंगाहून सरळ गेलं तर धक्का दोन तासांवर. आमच्या मंडळाला मात्र दोन दिवस लागतात, कारण प्रत्येक गावात कुणाची तरी आत्या निघते. ती बसवते, चहा येतो, चहामागून केळ्याची भजी येतात. सिदेक जुन्या सवयीने भोंगा वाजवी आणि म्हाताऱ्या बायका खिडकीतून डोकावून विचारीत, "काय सिदेक, आज बांगडा आहे का?"

"आज नुसता मीच आहे," तो म्हणे.

"शिळा आहेस. राहू दे."

मी मनातल्या मनात इतकी हसले की माझा मडगार्ड खडखडला. शनिवारचा दिवस निर्विघ्न पार पडला.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही मक सोमच्या, म्हणजे सोममावशीच्या, दारात थांबलो. ही सिदेकची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. तिने नारळाच्या दुधातला चिकट भात आणि वर दुरियान या काटेरी, उग्र वासाच्या फळाचा रस मांडला. आता आमच्याकडे एक रीत आहे. समोर आलेलं खाणं खायला वेळ नसेल तर खाऊ नये, पण निदान बोट लावून ओठांना टेकवावं. तसं न करता उठलं तर वाटेत काहीतरी अडतं. लहान पोरांनाही हे ठाऊक असतं.

रोहाया घड्याळ बघत होती. ऊन चढत होतं आणि आबांना घाम फुटला होता. हेच तिला बघवत नव्हतं. "तुम्ही खा निवांत. मी पुढे जाऊन रस्ता बघते," असं म्हणून ती उठलीच.

"अगं, बोट तरी लाव," मक सोम म्हणाली.

"येताना पोटभर खाईन, मक सोम."

"येताना कुणी बघितलंय? आत्ता लाव."

पण रोहाया जिना उतरूनही गेली होती. मक सोमने सिदेककडे पाहिलं. सिदेकने मुकाट्याने स्वतः दोनदा बोट चाटलं, एकदा मुलीच्या नावाने. मित्रांनो, असं दुसऱ्याच्या वतीने चालत नाही.

अर्ध्या तासाने आम्ही निघालो. थोडं पुढे गेलो तर पाटाच्या कडेला निळी सायकल आडवी पडलेली, तिचं पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं, आणि पाटात कमरेइतक्या पाण्यात रोहाया उभी. काठावर एक भलीमोठी घोरपड शांतपणे ऊन खात बसली होती.

"ही मधे आली," रोहाया घोरपडीकडे बोट दाखवून म्हणाली.

"लागलं का गं?" सिदेकने विचारलं.

"नाही."

मग मात्र त्याने तोंड फिरवलं. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते, ते मला हँडलवर जाणवलं. चेगू कमारोल गंभीरपणे म्हणाले, "मक सोमचा भात राहिला ना. मग घोरपड यायचीच."

मंडळाचं जड सामान नेणारी गाडी केव्हाच धक्क्यावर पोचली होती. बाकीच्यांच्या मागे पातेली, चटया आणि दुरियान बांधलेले. मोकळी फळी एकच, ती माझी. निळी सायकल झाडाला टेकवून ठेवली आणि चिखलाने माखलेली रोहाया माझ्यामागे बसली. अट अजून उभी होती आणि धक्क्याच्या अलीकडे कमानीचा उंच पूल होता. एकट्या सिदेकला घेऊनही तो चढताना हल्ली माझी हाडं वाजतात.

पुलाच्या पायथ्याशी रोहाया म्हणाली, "आबा, मी उतरते. चालत येते. अटीत ते धरत नाही मी."

"बस खाली," सिदेक म्हणाला. "एवढी वर्षं हा पूल चढलो. कधी मासे उतरून चालत गेले होते का?"

"आबा, धाप लागेल तुम्हाला."

"मग गप्प बस आणि पुढे झुक. माझ्या पाठीला चिकट."

ती चिकटली. मासळीवाले चढ सरळ चढत नाहीत. डावीकडे तिरपं, उजवीकडे तिरपं, असं विणकाम करत चढतात. सिदेक दमून मेला असता पण सरळ गेला नसता. डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो. माझी साखळी करकरली. ही तुटली तर सगळं संपलं, या विचाराने मी एकेक दुवा धरून ठेवला. मध्यावर आम्ही जवळजवळ थांबलोच. तेव्हा माझ्या फळीवरून आवाज आला, अगदी हळू, "आबा, डावीकडे घ्या. तिकडे चढ कमी आहे." सिदेकने डावीकडे घेतलं आणि आम्ही वर पोचलो. खाली समुद्र, होड्या आणि धक्का दिसला. उतारावर सिदेकने असा भोंगा वाजवला की धक्क्यावरच्या सगळ्या मांजरांनी माना वळवल्या.

एन्चिक झुल्हिल्मी वेळेवर आले होते. स्वच्छ सदरा, गाडीत दोर, वर अंथरायला मऊ रजई. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "वा. फोटोपेक्षा देखणी आहे. गाडीत ठेवायची का?"

रोहाया फळीवरून उतरली नव्हती. तिने एक हात बापाच्या घामेजल्या पाठीवर ठेवला होता. ती म्हणाली, "ही नाही मिळायची, एन्चिक. ही कामात आहे. भिंतीवर टांगायलाच हवी असेल तर माझी न्या. निळी आहे, नवीन आहे, फक्त पुढचं चाक वाकलंय."

मित्रांनो, तुमच्याकडेही जिन्याखाली नाहीतर गच्चीवर माझी एखादी बहीण धूळ खात असेल. तिचा मान भिंतीवर नसतो, रस्त्यावर असतो. तिच्या चाकांत हवा भरा, साखळीला दोन थेंब तेल द्या. मग घरातल्या थकल्या माणसाला विचारा, "येताय का एक चक्कर मारायला?" ते हो म्हणतील. त्यांना पुढे बसू द्या आणि तुम्ही मागे बसा.